तिरफळाची भावंडे

चेंगडू, सिचुआन प्रांत
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. काकूंचे गुडघे आता बरे आहेत हे वाचून जिवाला बरे वाटले. उत्तराला उशीर झाला याचे कारण असे की, मध्यंतरी येथे एक गोष्ट सुरू झाली होती आणि ती पुरती झाल्याखेरीज तुला लिहायचे नाही असे मी ठरवले होते. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांच्या अंतरावर एक भारतीय हॉटेल उघडले आहे. मी तेथे तीनदा जाऊन आलो, आणि तिसऱ्या खेपेला जे झाले त्यात तुझ्या परसातल्या झाडाचा वाटा आहे.

मी 2019 साली येथे आलो तेव्हा विद्यापीठाजवळच्या गल्लीत एक छोटे भारतीय हॉटेल होते, हे मी तुला तेव्हाच कळवले होते. वैद्यकीय शिक्षणासाठी आलेली आपली मुले हेच त्याचे मुख्य गिऱ्हाईक. 2020 च्या आरंभी ती मुले मायदेशी गेली, पुढे दोन-अडीच वर्षे त्यांना परत येण्यासाठी व्हिसा मिळेना, आणि ते हॉटेल बंद पडले. त्यानंतर घरी शिजवलेला वरणभात एवढाच आधार उरला. त्यातही तूरडाळ सहजी मिळत नाही, आणि इथल्या पांढऱ्याशुभ्र पिठाच्या पोळ्या तव्यावरून उतरल्या की घटकाभरात चिवट होतात. 2025 च्या ऑक्टोबरात कोलकाता ते ग्वांगझौ हे थेट विमान पुन्हा सुरू झाले, आपल्या लोकांची ये-जा थोडी वाढली, आणि त्यानंतर काही महिन्यांनी या नव्या हॉटेलची पाटी लागली. दारात लाल फिती लावलेल्या फुलांच्या उंच परड्या ओळीने मांडल्या होत्या. नवे दुकान उघडले की स्नेही-सोबत्यांनी अशा परड्या पाठवण्याची येथे रीत आहे. परड्यांमागच्या काचेतून तंदूरवर वाकलेला आपला माणूस दिसला, आणि मी क्षणभर रस्त्यातच उभा राहिलो.

या शहरात खाण्याचे दुकान मांडणे ही साधी गोष्ट नाही. दोन कोटींहून अधिक वस्ती, आणि त्यातला प्रत्येक माणूस जेवणाविषयी जाणकाराच्या अधिकाराने बोलणारा. 2010 साली युनेस्कोने चेंगडूला पाककलेचे नगर म्हणून मान दिला, तेव्हा तो मिळवणारे हे आशियातले पहिले शहर होते. येथे टॅक्सीवाला आपल्याला कोणत्या गल्लीतला मापो तोफू चांगला, हे कारणांसह पटवून देतो. म्हणून पहिल्या खेपेस मी मुद्दाम माझ्या कार्यालयातल्या एका सहकारी बाईंना बरोबर नेले. त्या अस्सल चेंगडूच्या. त्यांच्या जिभेला आपले जेवण कसे लागते ते मला पाहायचे होते.

टेबलावरचा चौकोनी कोड फोनने टिपला की वीचॅटवर मेन्यू उघडतो. शंभराच्या घरात पदार्थ, आणि चिनी नावांमध्ये जवळजवळ प्रत्येक रश्शाला ‘गाली’ हा एकच शब्द, म्हणजे आपली ‘करी’. बटर चिकन 58 युआन, म्हणजे आपले 700 रुपयांहून अधिक. खाली, आपल्या विद्यार्थ्यांसाठी असावा असा एक वेगळा भाग होता, आणि त्यात ‘शेजवान नूडल्स’ होते. बाईंनी ते नाव दोनदा वाचले आणि मला विचारले, “हे आमचे सिचुआनच ना?” मी म्हटले, “होय. आमच्याकडे गल्लोगल्लीच्या गाड्यांवर मिळते, डोशातसुद्धा घालतात.” त्यांनी ते मागवले.

बशी आली. त्यांनी चॉपस्टिकने एक घास उचलला, सावकाश चावला, आणि थोडा वेळ थांबून दुसरा घेतला. मग म्हणाल्या, “चव चांगली आहे. लसूण आहे, मिरची आहे, व्हिनेगर आहे. पण आमच्या घराचा वास यात नाही.” त्यांना काय हवे होते ते मला कळले. सिचुआनच्या जेवणात दोन गोष्टी बरोबरीने लागतात. एक ‘ला’, म्हणजे मिरचीचा तिखटपणा, आणि दुसरी ‘मा’, म्हणजे ओठ-जीभ बधिर करणारी झिणझिण. ती झिणझिण ‘ह्वाज्याओ’ नावाच्या बारीक, तांबड्या, उकललेल्या फळांच्या टरफलांतून येते. मिरची तर चीनमध्येही आपल्यासारखीच अमेरिका खंडातून, समुद्रमार्गे, गेल्या चार-पाचशे वर्षांत आली. ह्वाज्याओ त्याच्या कितीतरी आधीपासूनचे, इथल्या डोंगरांतले. आपण मुंबईत सिचुआनचे नाव घेतले, मिरची घेतली आणि नेमके तेच मागे ठेवले. त्यात मुंबईच्या आचाऱ्यांची चूक आहे असे मला वाटत नाही. त्यांनी हाताशी होते त्यातून एक नवा पदार्थ उभा केला, आणि तो आता आपलाच आहे.

त्या रात्रीच्या जेवणाविषयी माझे प्रामाणिक मत सांगतो. नान उत्तम होता. तंदूर गॅसचा, तरी पापुद्र्यावर हवे तसे काळे डाग आले होते. लस्सी बाईंना फार आवडली. डाळ मसुरीची होती, कारण तूर संपली होती, आणि तिच्यात मीठ इतके जास्त पडले होते की ती तशीच राहिली. भाज्यांचे रस्से मात्र सगळे एकाच वाटणातून निघालेले. रंग बदलत होता, चव नाही. बासमतीची गंमत वेगळीच. इथल्या भाताची शिते एकमेकांना धरून असतात म्हणून चॉपस्टिकने उचलता येतात. आपला मोकळा, लांब दाण्याचा भात बाईंच्या चॉपस्टिकमधून पुनःपुन्हा निसटला आणि शेवटी त्यांनी चमचा मागितला. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसले होते. त्यांना नानाबरोबर पातळ प्लॅस्टिकचे हातमोजे दिले होते, कारण हाताने खायचे असेल तर येथे तसे मोजे घालण्याची पद्धत आहे. त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी माझ्या उघड्या बोटांकडे एकटक पाहत होती. मी नानाचा तुकडा मोडला, दोन बोटांनी दुमडून त्याचा द्रोण केला आणि त्यात रस्सा धरून तिला दाखवला. तिने आईकडे पाहिले, आईने मान हलवली, आणि तिने दोन्ही मोजे काढून बशीशेजारी नीट घडी करून ठेवले. पहिले दोन द्रोण गळले. तिसरा तिने अखंड तोंडापर्यंत नेला.

घरी परतताना मात्र मनाला एक रुखरुख लागून राहिली. परदेशात भारतीय जेवण म्हणून जे मांडले जाते ते बहुतेक वेळा एकाच साच्याचे असते, हे तू आणि मी पूर्वी बोललो आहोत. पण या गावात ते अधिक खटकले. कारण ज्या चवीवर इथली माणसे जीव टाकतात, ती चव आपल्याकडे नाही असे थोडेच आहे?

तुला आठवते का, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तू मला प्रथम सावंतवाडीला नेलेस ते? मी साताऱ्याचा, मासे खाण्याची सवय नसलेला. काकूंनी बांगड्याचे तिरफळ घातलेले कालवण वाढले आणि मी ते टपोरे फळ मिरीसारखे दाताखाली फोडले. जीभ बधिर झाली, डोळ्यांत पाणी आले, आणि मला काहीतरी विषारी खाल्ल्यासारखे वाटले. काकू म्हणाल्या, “अरे, तिरफळ चावायचे नाही, ताटाच्या कडेला ठेवायचे. त्याचे काम झाले.” चेंगडूला आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका खानावळीतल्या म्हातारबाबांनी ह्वाज्याओविषयी मला हेच हातवारे करून सांगितले. मी तुला तसे कळवले, आणि तुझे वनस्पतिशास्त्र जागे झाले. ह्वाज्याओ आणि तिरफळ एकाच प्रजातीतली सख्खी भावंडे, झँथोझायलम, लिंबू-संत्र्यांच्या कुळातली, दोहोंचे खोड काटेरी, दोहोंतली बी टाकून टरफल वापरायचे, असे चार पानी उत्तर तू पाठवलेस. लंडनच्या संशोधकांनी 2013 साली मोजलेली ती गोष्टही त्यातच होती, की ह्वाज्याओ लावल्यावर ओठांना सेकंदाला सुमारे 50 कंपनांसारखी जाणीव होते. ते पत्र मी जपून ठेवले आहे.

म्हणून दुसऱ्या खेपेस मी एकटाच गेलो, दुपारी तीनच्या सुमारास, गर्दी नसताना, आणि गेल्या गणपतीत तू दिलेली तिरफळाची बाटली बरोबर घेऊन. आचारी बाहेर येऊन बसले होते. टिहरी गढवालचे, पन्नाशीचे गृहस्थ. वीस वर्षांहून अधिक काळ घराबाहेर, आणि त्यातली बरीच चीनमधल्या निरनिराळ्या शहरांत गेलेली. मसाले कोठून आणता असे विचारले तर म्हणाले, यिवू या व्यापारी शहरातून. तेथे आपले व्यापारी पुष्कळ आहेत, त्यामुळे हिंग-मेथीपासून सगळे मिळते, फक्त ताजा कढीपत्ता मिळत नाही. मी डाळीतल्या मिठाविषयी आणि एकाच वाटणाविषयी मोकळेपणाने बोललो. त्यांनी ते मनावर घेतले नाही, उलट दोन्ही गोष्टी मान्य केल्या. “मेन्यू मालकांचा आहे,” ते म्हणाले, “लोक फोटोत पाहून येतात, तेच मागतात.”

मग मी बाटली उघडली. त्यांनी चार तिरफळे तळहातावर घेतली, अंगठ्याने चुरली, नाकाशी नेली, आणि त्यांचा चेहराच बदलला. “हे टिमरू आहे,” ते म्हणाले. मी सांगितले की हे कोकणातले तिरफळ. “दाणा मोठा आहे,” ते म्हणाले, “पण वास टिमरूचाच. आमच्या डोंगरात याच्या काडीने दात घासतात. आई पाट्यावर याची चटणी वाटायची.” ते आत गेले आणि इथल्या तांबड्या आणि हिरव्या ह्वाज्याओचे डबे घेऊन आले. ते तिन्ही आम्ही टेबलावर पांढऱ्या कागदावर मांडले: तुझे टपोरे काळपट तिरफळ, तांबडे ह्वाज्याओ आणि बारीक हिरवे ह्वाज्याओ. हिरव्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “हे तर आमचे टिमरूच आहे. मी पहिल्या वर्षीच ओळखले होते. पण स्वयंपाकघरात इतकी वर्षे वापरले नाही. कोणी मागितलेच नाही.” मी रात्री घरी येऊन तुझे जुने पत्र काढले. तू त्यात लिहिले आहेस की सिचुआनात हिरव्या ह्वाज्याओसाठी लावतात ते झाड आणि गढवाल-कुमाऊंतले टिमरू ही एकच जात आहे, झँथोझायलम आर्माटम. त्या माणसाला ते केवळ नाकाने कळले होते.

बाटली मी त्यांच्याकडेच ठेवून आलो. तू रागावणार नाहीस हे मला माहीत आहे.

काल तिसऱ्यांदा गेलो, बाईंना घेऊन. आम्ही मेन्यू उघडण्याआधीच आचारी स्वतः एक छोटी वाटी घेऊन आले. कोथिंबीर, लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि हिरवे ह्वाज्याओ, खलबत्त्यात कुटलेले. मिक्सरमध्ये फिरवलेले नव्हते, कोथिंबिरीचे देठ अजून हाताला लागत होते. बरोबर साधा भात आणि पातळ मुगाची डाळ, मीठ बेताचे. बाईंनी चॉपस्टिकच्या टोकाने चटणी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “मा.” आचाऱ्यांना चिनी बेताचेच येते, पण हा शब्द येथे राहणाऱ्या प्रत्येकाला येतो. ते हसले आणि म्हणाले, “हाँ, टिमरू.” बाईंनी डाळ-भात-चटणी संपवून पुन्हा मागितली, आणि मग मालकाला बोलावून, हे मेन्यूत का नाही, असे सरळ विचारले. मालकाने फोन काढून वाटीचा फोटो घेतला. पुढे काय होते ते पाहू. पण शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी तेवढ्यात चटणी मागवली होती, हे मी पाहिले.

आता एक काम तुझ्याकडे. आचाऱ्यांनी तुझ्या तिरफळातली मूठभर राखून ठेवली आहेत आणि त्यांना काकूंच्या पद्धतीचे कालवण करून पाहायचे आहे. येथून समुद्र हजार किलोमीटरहून लांब, तेव्हा ताजा बांगडा मिळणार नाही. तळ्या-नदीतला गवत्या मासा मिळतो, मांसाला नरम, काट्याला बारीक आणि थोडा मातकट वासाचा. आमसुले माझ्याकडे आहेत, नारळ बाजारात मिळतो. तेव्हा काकूंना नीट विचारून कळव, की अशा माशाला चौघांच्या कालवणात तिरफळे किती घालावीत, ती नुसती ठेचून घालावीत की आधी पाण्यात भिजवावीत, आणि आंबटपणा बांगड्यापेक्षा वाढवावा का. त्या अंदाजाने सांगतील. तू मात्र आकड्यांत लिही, कारण मला ते हिंदीत समजावून द्यायचे आहे. शक्य तितक्या लवकर कळव. पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता आचाऱ्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावले आहे.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
साताऱ्याचा मित्र