निकाहनाम्यावर सही करण्याआधी

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम.

फोनवर तू म्हणालास, "अम्मी, आमचं प्रेम आहे, मग कागदावर एवढं काय काय लिहायचं? तिला वाटेल माझ्या मनात काहीतरी आहे." घरात पाहुणे होते, म्हणून तेव्हा मी विषय वाढवला नाही. आता सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रेमाबद्दल माझ्या मनात किंतु नाही. ती आपल्या जमातीतली नाही, नोकरी करते, मोठ्यांसमोर स्पष्ट बोलते, यावर घरात जे बोलायचं ते बोलून झालं. खदिजा बीबी व्यापार करायच्या आणि पैगंबरांना लग्नाचा निरोप त्यांनीच धाडला होता. हे ज्यांना माहीत आहे त्यांनी तरी मुलीच्या पसंतीला नाकं मुरडू नयेत.

पण प्रेम आहे म्हणून हक्क लिहायचे नाहीत, हे मला पटत नाही. तुझं प्रेम आहे ना, मग तिने मागायच्या आधी तूच ते लिहून दे. निकाह हा करार आहे आणि त्यात अटी घालता येतात. मुलीकडचे त्या घालतात कधी? माझ्या निकाहच्या वेळी वकील, म्हणजे नवरीचा होकार विचारून काझींना कळवणारा माणूस, आणि दोन गवाह आतल्या खोलीत आले. ओढणी इतकी पुढे ओढलेली होती की मला फक्त त्यांची पावलं दिसत होती. मेहेरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम सांगून त्यांनी कबूल आहे का विचारलं, तेव्हा शेजारून कुणीतरी माझी मान हलवली. कागद पुढे आला, बोट दाखवलं तिथे मी सही केली. तो निकाहनामा मी नीट वाचला तो पासपोर्टच्या कामाला लागला तेव्हा. अटींच्या रकान्यात आडवी रेघ मारलेली होती. तुझे अब्बा भले निघाले, हे माझं नशीब. तुझ्या बायकोला नशिबावर का सोडायचं?

आधी मेहेरचं बोलते. बडे अब्बांचं चाललंय, "लव्ह मॅरेज आहे, नावापुरती रक्कम टाका, ७८६ रुपये लिहा, बरकत येते." कुराणातल्या सूरह निसामध्ये बायकांचं मेहेर खुशीने द्या म्हटलंय. नावापुरतं लिहा असं कुठे म्हटलंय?

तुझे खालू, खालाचे (मावशीचे) यजमान, गेले तेव्हा तू लहान होतास. मैयतला गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, दिला होता, जनाजा उचलायची घाई चालली होती. दोघी बायकांनी खालाला दंडाला धरून बाहेर आणलं आणि म्हणाल्या, "मेहेर माफ केलं म्हण, त्यांच्या मानेवरचं ओझं उतरव." तिला धड उभंही राहता येत नव्हतं. "माफ केलं," म्हणाली. बेटा, मेहेर हे नवऱ्यावरचं कर्ज असतं. वारसांचे हिस्से पाडण्याआधी ते त्याच्या मालमत्तेतून फेडायचं असतं. बायकोचा वारसाहिस्सा त्याहून वेगळा, मुलं असली तर आठवा, नसली तर चौथा. तिथे जमलेल्या इतक्या माणसांपैकी एकानेही तिला हे सांगितलं नाही. पुढे ती दिरांच्या घरात कशी राहिली, ते तू मोठा होताना पाहिलंस.

म्हणून मेहेर तुझ्या मिळकतीला साजेसं ठरव आणि निकाहच्या दिवशीच तिच्या खात्यात जमा कर, उधार ठेवू नकोस. सोन्यात दिलंस तर आणखी बरं. तिच्या माहेरचे दागिने त्यात मोजायचे नाहीत.

इंदूरच्या शाहबानोचं नाव तू राजकारणाच्या चर्चेत ऐकलं असशील. ती बाई कोण होती ते बघ. १९३२ मध्ये लग्न, नवरा कोर्टातला वकील, पाच मुलं. १९७५ मध्ये घराबाहेर काढलं, १९७८ मध्ये तलाक दिला. कोर्टाने महिना २५ रुपये पोटगी ठरवली, हायकोर्टाने ती १७९ रुपये २० पैसे केली, आणि तेवढ्यासाठी नवरा सुप्रीम कोर्टात गेला! १९८५ मध्ये ती जिंकली, तर पुढच्याच वर्षी संसदेने नवा कायदा करून त्या निकालावर बोळा फिरवला. तिच्याही आधी, १९६६ मध्ये, हमीद दलवाईंनी मुंबईत मोर्चा काढला होता, तोंडी तलाक आणि सवत आणण्याविरुद्ध. त्यात सात मुस्लिम बायका होत्या. फक्त सात. त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. एका दमात दिलेला तीन तलाक सुप्रीम कोर्टात रद्द व्हायला २०१७ साल उजाडलं.

आणि अजूनही, नवरा नांदवत नाही आणि सोडतही नाही अशी बाई अडकूनच पडते. १९३९ च्या कायद्याने तिला कोर्टात जाऊन सिद्ध करावं लागतं की दोन वर्षं खर्च दिला नाही, चार वर्षं त्याचा पत्ता नाही किंवा तो छळ करतो. खुला, म्हणजे बायकोने मागितलेला तलाक, मागावा तर आपल्याकडे त्याच्या होकाराची वाट बघत बसवतात. यावर शरीयतमध्येच तोड आहे, तलाक-ए-तफवीज. नवरा आपला तलाकचा अधिकार अटी घालून बायकोकडे देऊ शकतो आणि आपल्या कोर्टांनीही तो मानलेला आहे. दुसरं लग्न केलं, हात उगारला, खर्च दिला नाही, तर तिला स्वतःहून मोकळं होता येईल, असं स्पष्ट लिही.

लग्नाआधीच मोडायची भाषा कशाला, असं तुला वाटेल. बरीराची हदीस, पैगंबरांच्या काळातली गोष्ट, आठव. ती गुलामीतून सुटली आणि नवरा मुघीस, त्याच्याबरोबर राहायचं की नाही हे ठरवायचा हक्क तिला मिळाला. ती राहिली नाही. मुघीस मदिनेच्या गल्ल्यांतून तिच्या मागे रडत फिरायचा, आसवं दाढीवर ओघळायची. पैगंबरांनी तिला त्याच्याकडे परत जायला सुचवलं. तिने विचारलं, हा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतोय. मग मला त्याची गरज नाही, म्हणाली. मुघीसची मला दर वेळी दया येते. पण त्याचं प्रेम खरं होतं म्हणून तिला कुणी बांधून ठेवलं नाही. तुझ्या प्रेमाचंही तसंच आहे. ते तुझ्याजवळ आहे, तिचा होकार तिच्याजवळ.

नावाचंही सांगून ठेवते. तिचं नाव, तिच्या अब्बांचं नाव, आडनाव, डिग्रीवर आहे तसंच राहू दे. आपल्या धर्मात नवऱ्याचं नाव लावायची सक्ती नाही, कायद्यातही नाही. आजूबाजूला सगळे लावतात म्हणून आपणही लावत आलो. तिला लावावंसं वाटलं तर लावेल. नोकरीचंही तेच, परवानगी देणारा तू कोण?

रविवारी काझीसाहेबांकडे जाशील तेव्हा तिला बरोबर ने. अटी तिने स्वतः वाचायला हव्यात, तिला काही घालायचं-काढायचं असेल तर तेही घ्या. मसुदा आधी कोर्टातल्या एखाद्या वकिलाला दाखवा आणि एक प्रत तिच्या हातात द्या. बडे अब्बांशी मी बोलते, तू मध्ये पडू नकोस.

दुआ,
तुझी अम्मी