विकलेली गाडी त्याच दिवशी कागदावरही विकली जाऊ द्या

मा. श्री. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली यांस,

सप्रेम नमस्कार.

मी इंदूरला जुन्या गाड्या घेऊन विकतो. रिंग रोडच्या कडेला भाड्याची जागा, पत्र्याची शेड, आठ-दहा गाड्या मावतील एवढे आवार, एक डेंटर, गाड्या धुणारा एक मुलगा आणि मी, एवढाच पसारा. होळकरांच्या काळात नोकरीसाठी इकडे आलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमचे एक. घरात आजही मराठीच बोलतो, म्हणून आपल्यालाही मराठीतच लिहितो आहे. बोलायचे आहे ते एकाच गोष्टीबद्दल. गाडी ज्या दिवशी हात बदलते त्याच दिवशी ती कागदावरही हात बदलायला हवी. आज तसे होत नाही, आणि आमच्या धंद्यातल्या बहुतेक कटकटींचे मूळ तिथे आहे.

गाडी विकायला माणूस येतो तेव्हा आरसी, विमा, पीयूसी आणि दुसरी चावी घेऊन येतो. तासभर घासाघीस होते, भाव ठरतो, पैसे त्याच्या खात्यात जातात. मग तो मालकी बदलाच्या अर्जांवर, म्हणजे फॉर्म 29 आणि 30 वर, सह्या करतो. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी राहते, कारण घेणारा अजून आलेलाच नसतो. तो आठवड्यात येईल किंवा दिवाळीपर्यंत येणारही नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 50 म्हणते की राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवावे, गाडी परराज्यात गेली तर 45 दिवसांत, आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. कलम लिहिताना एक विकणारा आणि एक घेणारा एवढेच समोर धरलेले दिसते. मधला दुकानदार त्यात कुठेच नाही. गाडी माझ्या आवारात, चावी माझ्या भिंतीवरच्या खिळ्याला, पैसे माझे अडकलेले, आणि सरकारदरबारी मालक मात्र तोच, जो पैसे घेऊन घरी गेला.

यात सगळ्यात जास्त भरडला जातो तो विकणारा. रामबागेतल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला त्यांची वॅगन आर विकली. कर्ज कधीच फिटलेले, पण आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच. कलम 51 प्रमाणे फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय अशा गाडीची ट्रान्सफर होत नाही. ती कंपनी मध्यंतरी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली, त्यामुळे एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, कुठल्या शाखेतून निघणार हे कोणालाच धड सांगता येईना. गाडी घेणाऱ्याला घाई होती. त्याने सगळी परिस्थिती समजून घेतली, तारीख-वेळ घातलेल्या डिलिव्हरी लेटरवर सही केली आणि गाडी नेली. पुढे एके दिवशी सर दुकानात आले. हातात मोबाईल, त्यावर सिग्नल तोडल्याचे ई-चलान आणि गाडीचा फोटो. म्हणाले, "अहो, मी त्या गावाला आयुष्यात गेलेलो नाही." चलानाचे पैसे ज्याचे त्याच्याकडून भरून घेतले. पण जाताना त्यांनी विचारले, "पाचशे-हजाराचं काही नाही हो, उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं तर?"

या प्रश्नाचे उत्तर त्यांना धीर देणारे नव्हते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे की गाडी कितीही हातांतून गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. निकाल योग्यच आहे. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने पाच मालकांच्या मागे का धावावे? पण ज्याने रीतसर पैसे घेऊन गाडी सोडली, त्या माणसाच्या डोक्यावर ही टांगती तलवार का, हाही प्रश्न उरतोच.

आणि हा प्रश्न भरपाईवरच थांबत नाही. 10 नोव्हेंबर 2025 ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या गाडीत स्फोट झाला, ती हातोहात विकली गेलेली होती. तपास आधी जाऊन पोहोचला तो कागदावरच्या जुन्या मालकापर्यंत. कोऱ्या सहीचा फॉर्म किती दूर जाऊ शकतो हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

साहेब, याचे उत्तर आपल्याच मंत्रालयाने काढून ठेवले आहे, आणि ते उत्तम आहे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरची तरतूद आली. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म 29सी ने ऑनलाइन कळवायचे. तिथून पुढे गाडीची जबाबदारी डीलरची, तोच मालक समजला जाईल. डीलर स्वतः आरसीचे नूतनीकरण, फिटनेस, डुप्लिकेट आरसी, एनओसी, ट्रान्सफर यांसाठी अर्ज करू शकेल. गाडी ट्रायलला, सर्व्हिसिंगला किंवा रंगकामाला बाहेर काढली तर तिची नोंद इलेक्ट्रॉनिक वहीत करायची. ही अधिसूचना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खरोखर आनंद झाला. आमच्या धंद्याला देशाच्या नियमपुस्तकात स्वतःची जागा मिळाली होती.

पण इथल्या गाडी बाजारात आजही कोऱ्या सहीचेच राज्य आहे. माझ्या ओळखीतल्या बहुतेक लहान दुकानदारांनी अधिकारपत्र घेतलेले नाही. एका जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात मी 29सी बद्दल विचारले, तर खिडकीमागच्या माणसाने प्रामाणिकपणे सांगितले की असा फॉर्म त्याने पाहिलेला नाही. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांकडे वकील असतात, कागदपत्रांसाठी वेगळा विभाग असतो. आमच्याकडे गाडी पुसणाराही मीच आणि पोर्टलवर अर्ज भरणाराही मीच. शिवाय एक भीती सगळ्यांच्याच मनात आहे. नाव नोंदवले की तपासणी माझी होणार, आणि शेजारचा फूटपाथवर चार गाड्या लावून विकणारा मात्र मोकळा. ही भीती खोटी आहे असे मी त्यांना सांगू शकत नाही. नोंदणी केलेल्याला तिचा फायदा दिसला पाहिजे. आज त्याला फक्त बोजा दिसतो.

म्हणून विनंती अशी की दहा गाड्यांच्या दुकानाला आणि हजार गाड्यांच्या कंपनीला एकाच मापाने मोजू नका. शुल्क आणि कागदपत्रे साठ्याच्या हिशेबाने ठेवा. 29सी मोबाईलवरून, मालक आणि डीलर दोघांच्या आधार ओटीपीने, दुकानात उभ्या उभ्या भरता आला पाहिजे. भरला की त्या मिनिटापासून गाडीचे प्रत्येक चलान माझ्या नावे येऊ द्या, मला ते चालेल. जुन्या मालकाच्या मोबाईलवर तिथल्या तिथे संदेश जाऊ द्या की आता तुमची जबाबदारी संपली. फायनान्सचे म्हणाल, तर काही बँका बोजा उतरवण्याचे काम आता 'वाहन' या सरकारी पोर्टलवरूनच करतात. ते सगळ्यांना सक्तीचे करा. शेवटचा हप्ता भरला की बोजा आपोआप उतरला पाहिजे, ग्राहकाने एनओसीसाठी शाखांचे उंबरठे झिजवता कामा नयेत.

विम्याचेही याच धाग्याला धरून आहे. कलम 157 प्रमाणे गाडीबरोबर विमा नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे कवच हवे असेल तर 14 दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करावी लागते, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तर जुन्या मालकाबरोबरच जातो, त्याचा फरक भरावा लागतो. किती ग्राहकांना हे ठाऊक असते? मी प्रत्येकाला सांगतो, तरी गाडी घेतल्याच्या आनंदात निम्मे विसरतात. 29सी ची नोंद वाहनवर झाली की विमा कंपनीलाही ती दिसली पाहिजे.

आता ग्राहकाच्या बाजूने. जुनी गाडी घेणारा माणूस आमच्याकडे संशय घेऊनच येतो, आणि त्याला कारण आहे. माझ्याकडे विकायला आलेल्या एका गाडीचे मीटर बेचाळीस हजार दाखवत होते. क्लचच्या पेडलचे रबर मात्र झिजून गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगचा डावा अर्धा भाग हातांच्या घामाने चकाकणारा, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बसून बसून दबलेली. ही गाडी लाखाच्या पुढे गेली आहे हे मला कळते. देवासहून मुलीला कॉलेजसाठी गाडी बघायला आलेल्या बापाला कसे कळणार? पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा लागतो, आत मातीची रेघ सापडते. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवले तर गाळ लागतो. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर समजावे की तो कधीतरी उघडला आहे. हे ज्ञान वर्षानुवर्षे हात काळे करून येते. ग्राहकाने ते शिकावे अशी अपेक्षा धरता येत नाही. वाहनवर गाडीचा नंबर टाकला तर विमा दिसतो, पीयूसी दिसते, मालक कितवा तेही कळते. चालवलेले किलोमीटर दिसत नाहीत. प्रत्येक पीयूसीला, प्रत्येक विम्याच्या नूतनीकरणाला आणि डीलरने गाडी ताब्यात घेताना मीटरचा आकडा चढवा आणि तो सगळ्यांना पाहू द्या. मीटर मागे फिरवणाऱ्याचा धंदा बसेल. त्याच्याशी भावात स्पर्धा करताना प्रामाणिक दुकानदाराचा जीव मेटाकुटीला येतो, हे मी रोज अनुभवतो.

कराचा विषय आपल्या खात्याचा नाही, तो अर्थ मंत्रालयाचा आणि जीएसटी परिषदेचा आहे. पण मंत्रिमंडळात आपला शब्द वजनाचा आहे म्हणून सांगतो. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरच्या बैठकीत परिषदेने लहान जुन्या गाड्यांवरचा दर 12 वरून 18 टक्के केला. कर मार्जिनवर आहे, म्हणजे खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर. ऐकायला रास्त वाटते. पण समजा मी 2 लाख 80 हजारांना गाडी घेतली, टायर, क्लचप्लेट, डेंटिंग-पेंटिंग यांवर 35 हजार लावले आणि 3 लाख 40 हजारांना विकली. कराच्या दृष्टीने माझे मार्जिन 60 हजार, डागडुजीचा खर्च त्यातून वजा होत नाही. 18 टक्क्यांनी 10,800 रुपये गेले, 35 हजार दुरुस्तीत गेले, हातात 14,200 राहिले. त्यातून जागेचे भाडे, दोघांचे पगार आणि गुंतवलेल्या पैशाचे व्याज. परिणाम असा होतो की जो दुकानदार गाडी नीट दुरुस्त करून देतो तो मागे पडतो आणि नुसते पॉलिश मारून विकणारा पुढे जातो. ब्रेक नीट करून दिलेली गाडी रस्त्यावर जावी ही तर आपल्या खात्याचीही गरज आहे. डागडुजीचे पक्के बिल दाखवल्यावर तेवढी रक्कम मार्जिनमधून वजा व्हावी, एवढे परिषदेपुढे मांडता आले तर पाहा.

22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेला, नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. लोकांना गाडी स्वस्त मिळाली, त्याचा मला आनंद आहे. पण नव्याचा भाव उतरला की जुन्याचा त्याच दिवशी उतरतो. 15 ऑगस्टच्या घोषणेपासून गिऱ्हाईक थांबलेले, मग पितृपक्ष, आणि तो संपताच जुन्या भावाने भरलेला सगळा साठा तोट्यात. मोठ्या कंपन्या असा हंगाम पचवतात. आमच्यासारख्यांनी ओळखीतून, कुणी पत्नीचे दागिने ठेवून पैसे उभे केलेले असतात.

पुण्या-नाशिकहून आलेल्या एमएच पासिंगच्या गाड्यांचे दुःख थोडक्यात सांगतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे राहिली की इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिथली एनओसी, इथला आजीवन कर, आणि तिथे भरलेल्या कराचा परतावा मिळवायला पुन्हा तिथल्याच कार्यालयात अर्ज. बदलीच्या नोकऱ्या असणाऱ्यांची आपण देशभर चालणाऱ्या बीएच मालिकेच्या नंबराने सुटका केली. दोन राज्यांच्या करांचा हिशेब वाहनवरच परस्पर मिटावा, अशी सोय जुन्या गाडीच्या ग्राहकालाही द्या.

यातले एक जरी लगेच करायचे ठरले, तर ते 29सी चे करा. इंदूर, देवास आणि उज्जैन या तीन जिल्ह्यांत सहा महिने प्रयोग म्हणून राबवून पाहा. परिवहन कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना आणि आम्हा लहान दुकानदारांना एकाच खोलीत बसवून दोन दिवस शिकवा, आणि त्या मुदतीत नोंदणी करणाऱ्याला शुल्कात सवलत द्या. दुकानदारांना गोळा करण्याचे काम मी अंगावर घेतो. गाडी बाजारातले बरेच जण मला ओळखतात, आणि कोऱ्या फॉर्मच्या गठ्ठ्यातून त्यांनाही सुटायचे आहे. आपल्या खात्याकडून कोणाशी बोलायचे, तेवढे कळवावे.

आपला नम्र,
इंदूरचा एक जुन्या गाड्यांचा विक्रेता