एंजल घ्यायचा तर तीन दशांशांचा काटा हवा

महोदय,

आपल्या पुरवणीतील नाणेसंग्रहावरच्या लेखात इंग्लंडच्या ट्यूडर राजांच्या काळातला सॉव्हरिन हा सोन्याचा सिक्का आणि आपल्याकडची गिनी एकाच माळेत ओवली आहेत. आपण जिला गिनी म्हणतो तो व्हिक्टोरिया-जॉर्जचा सॉव्हरिन ७.९८ ग्रॅमचा, २२ कॅरटचा. सातव्या हेन्रीने १४८९ मध्ये काढलेला पहिला सॉव्हरिन १५.५५ ग्रॅमचा आणि जवळजवळ शुद्ध सोन्याचा होता.

त्या काळच्या सोन्याच्या नाण्यांपैकी लिलावात त्यातल्या त्यात परवडतो तो एंजल: एका बाजूला अजगराला भाला खुपसणारा देवदूत मायकेल, दुसरीकडे जहाज. प्रमाण वजन ५.१८ ग्रॅम. ४.८ च्या खाली भरला, तर काठाचा मण्यांचा गोल शाबूत आहे का ते पाहावे. हातोडीने ठोकलेल्या या नाण्यांना कंगोरेदार कड नसे, त्यामुळे कातरीने सोने उतरवणे सोपे होते.

शुद्धतेसाठी नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात लटकवून तोलावे. हवेतल्या वजनाला पाण्यातल्या घटीने भागले की सोने पाण्याच्या किती पट जड ते कळते; उत्तर १९ च्या वर यावे. पण ही घट जेमतेम ०.२७ ग्रॅम. ग्रॅमची दोनच दशांश स्थळे दाखवणाऱ्या काट्यावर ०.०१ चा फरक पडला तरी उत्तर १८.५ किंवा जवळजवळ २० येते, म्हणून तीन दशांशांचाच काटा हवा. चिकटलेला बुडबुडा उत्तर खाली ओढतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकावा. आठव्या हेन्रीने १५४४ मध्ये एंजलचे सोने २३ कॅरटवर आणले, तेव्हा त्या नाण्याचे उत्तर १८.४ आले म्हणून ते खोटे ठरवू नये.

खरी फसवणूक भोकात असते. राजाने गंडमाळेच्या रुग्णाला स्पर्श करून एंजल गळ्यात बांधण्याची प्रथा होती, त्यामुळे अनेक नाणी भोक पाडलेली आहेत. पुढे कुणीतरी ते बुजवून अक्षरे नव्याने कोरतो. दहापट भिंगाखाली, तिरप्या उजेडात, तिथली अक्षरे शेजारच्यांपेक्षा धारदार दिसतात आणि पार्श्वभूमीवर कोरणीचे ओरखडे सापडतात. उघड भोकाचे नाणे त्यापेक्षा केव्हाही बरे. किंमतही कमी पडते.

या एंजलांवर साल नसते. काळ ठरतो तो नाण्याच्या काठाने कोरलेल्या अक्षरांच्या सुरुवातीला असणाऱ्या टांकसाळीच्या खुणेवरून. एलिझाबेथच्या नाण्यावरचे १ आणि २ म्हणजे १६०१ आणि १६०२.

आणि कुणी सराफ ‘कस लावून बघतो’ म्हणाला, तर नाणे त्याच्या हाती देऊ नये. कसोटीच्या दगडावर एकदा घासले तरी काठ कायमचा बिघडतो.

– एक नाणेसंग्राहक, पुणे