पहिलंच काम खलनायकाचं

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की इतकी वर्षं प्रायोगिक नाटकं करून पडद्यावरचं पहिलं काम मिळालं ते गावाला नाडणाऱ्या पुढाऱ्याचं. हसलास खरा, पण त्यामागची धुसफूस मला कळली. "एकदा व्हिलनचा शिक्का बसला की संपलं, आई," हे तुझं वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

तुला निळू फुले ठाऊक आहेत ते नकलाकारांनी शिल्लक ठेवलेले. खर्जातला आवाज, तिरकी नजर आणि "बाई, वाड्यावर या". एवढ्या मोठ्या नटाचं इतकंच उरावं याचा मला राग येतो. आमच्याकडे जत्रेच्या तंबूत त्यांचा सिनेमा लागला की बायका पडद्याकडे बघून बोटं मोडायच्या. मीही मोडलीत. पुढे राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना प्रॉम्प्टिंग करायला लागले, तेव्हा कळायला लागलं की हा माणूस करतोय काय.

ते आले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून. पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे आणि उरलेल्या वेळात लोकनाट्यं. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगाने त्यांचं नाव झालं आणि त्यातूनच दिग्दर्शक अनंत माने यांनी त्यांना 1968 साली 'एक गाव बारा भानगडी' या सिनेमात घेतलं. वग म्हणजे काय, तमाशातलं हे नाट्य, हे तुम्हा शहरी रंगकर्मींना पुस्तकात वाचून कळत नाही. बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांत, संहिता निम्मीच असते. समोरून कुणी काही ओरडलं तर त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, तेही भूमिका न सोडता. सोंगाड्याने, म्हणजे तमाशातल्या विनोदी नटाने, अर्धा क्षण जास्त थांबलं की हशा गेलाच. निळूभाऊ पडद्यावर वाक्य बोलायच्या आधी जे थांबतात ना, तो थांबा तिथला आहे. कॅमेऱ्याने तो शिकवलेला नाही.

आता 'सामना' पुन्हा बघ. या वेळी डॉ. लागूंकडे बघू नकोस (त्यांच्यावरून नजर हटत नाही, मान्य), हिंदुराव धोंडे पाटलाकडे बघ. साखर कारखान्याचा धनी, अख्खा मुलूख मुठीत. दारुड्या मास्तरला (हे डॉ. लागू) तो हौसेने घरी ठेवून घेतो, पाजतो, त्याच्याशी गप्पा मारतो. आणि तो मास्तर एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं? दुसऱ्या कुणी नटाने तिथे डोळे वटारले असते. निळूभाऊ आवाज चढवत नाहीत. आपण वाईट आहोत हे हिंदुरावाच्या गावीही नाही, गावाचं भलं आपणच केलंय अशी त्याची खात्री आहे. म्हणून तो प्रश्न त्याला आधी नुसता त्रासदायक वाटतो, मग हळूहळू पोखरायला लागतो. खलनायक आतून ढासळताना दिसला आणि आपल्याला त्याची कीव आली, हे मी मराठी पडद्यावर तिथे पहिल्यांदा पाहिलं. विजय तेंडुलकरांनी लिहिलं होतंच, पण कागदावरच्या ओळीतून कीव येत नाही. 1975 साली हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता.

त्याआधी 1972 मध्ये त्यांनी रंगमंचावर 'सखाराम बाइंडर' केला होता. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, शिवराळ, आणि स्वतःच्या हिशेबाने प्रामाणिक माणूस. सेन्सॉरने नाटकाला कात्री लावली, दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले, गदारोळ झाला. त्या सखारामाला खलनायक म्हणशील का तू? मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्याने असा माणूस प्रयोगामागून प्रयोग अंगावर वागवला, त्याला पडद्यावरचा पाटील नुसता काळा रंगवणं जमलंच नसतं.

शिक्क्याचं म्हणशील तर तो बसतोच, खोटं कशाला सांगू. सरपंच, पाटील, सावकार असली कामं त्यांनी ढिगाने केली आणि त्यातले बरेच सिनेमे सुमार होते. पण 1979 च्या 'सिंहासन'मध्ये जब्बार पटेलांनी त्यांनाच पत्रकार दिगू टिपणीस केलं. सगळं बघणारा, सगळं जाणणारा, आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटणारा. ज्यांनी त्यांना रंगमंचावर नीट पाहिलं होतं, त्यांना शिक्क्याची अडचण आली नाही. 1984 च्या 'सारांश'मध्ये हिंदीवाल्यांनी पुन्हा पुढारीच करायला लावलं, ते वेगळं.

सदाशिव अमरापूरकरांचंही तेच. 'हॅण्ड्स अप' नाटकात त्यांना बघून गोविंद निहलानींनी 'अर्धसत्य' या हिंदी सिनेमासाठी उचललं. त्यांच्या गुंड रामा शेट्टीला प्रसंग किती थोडे! बसल्या जागेवरून तो हळू आवाजात बोलतो आणि समोरच्या इन्स्पेक्टरचा सगळा आव गळून पडतो. याच माणसाने '22 जून 1897' या सिनेमात लोकमान्य टिळक केले होते, हे आज किती जणांना आठवतं? पुढे 'सडक'मधल्या महाराणीने, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या तृतीयपंथीयाच्या भूमिकेने, फिल्मफेअर मिळवून दिलं आणि मग हिंदीने त्यांना त्याच त्या कामांत बरंच वापरलं. मला विचारशील तर वायाच घालवलं.

एक गोष्ट तुझ्या कामाची. निळूभाऊ पडद्यावर जे होते त्याच्या अगदी उलट बाहेर जगले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत होते. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंबरोबर त्यांनी नाटकाचे प्रयोग करून पैसे उभे केले. म्हणजे सिनेमात नाव झाल्यावरही रंगमंच सुटला नाही. तुझ्याबाबतीत मला धास्ती आहे ती याची. तुझ्या पुढाऱ्याला लोक शिव्या देतील त्याचं मला काही नाही, उलट दोन मीच देईन. पण रोजच्या शूटिंगमध्ये तालीम सुटली, की दिग्दर्शक "मागच्या वेळी केलंत तसंच करा" म्हणतो आणि नट तसंच करायला लागतो.

तेव्हा काम घे. सही करण्याआधी नाटकाच्या प्रयोगांच्या तारखा करारात लिहून घे, तोंडी आश्वासनावर राहू नकोस. आणि तुझा पुढारी घरी आईशी कसा बोलतो, हे लेखकाने लिहिलं नसेल तर तू ठरव. मला फोन करून ऐकवलंस तरी चालेल, प्रॉम्प्टिंगची सवय अजून गेलेली नाही.

बाबांचं मी बघते. "निदान इन्स्पेक्टर तरी द्यायचा होता" असं सकाळपासून दोनदा म्हणून झालंय.

तुझी,
आई