गोळ्यांची पिशवी मागणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, नमस्कार. आमचे बाबा तुम्हाला आठवतायत की नाही माहीत नाही, कंबर धरून बसलेले, पाय सुजलेले, आणि आम्ही सगळे मणक्याचा एमआरआय कधी करायचा यावर वाद घालतोय. सात महिने दुखत होतं हो, मलम, शेक, पेनकिलर सगळं झालं. मग क्रिएटिनिन (किडनी नीट काम करतेय का ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलं, सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या पण खडा कुठेच नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. खरं सांगते, मला वाटलं टाइमपास चाललाय.

सीटी आला आणि कळलं की पोटाच्या मागच्या बाजूला, महाधमनीभोवती तंतूंचा जाड थर चढलाय आणि त्याने किडन्यांतून लघवी खाली नेणाऱ्या दोन्ही नळ्या आवळून धरल्यात. रेट्रोपेरिटोनियल फायब्रोसिस, हे नाव तीनदा विचारलं मी. आणि पिशवीतली बीपीची अ‍ॅटेनोलॉल बघून तुम्ही थांबलात.

मी चिडून विचारलं, म्हणजे या गोळीनेच झालं ना? हो म्हणून मोकळं होता आलं असतं तुम्हाला. पण तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि सांगितलं की याच जातीची प्रॅक्टोलॉल १९७० च्या दशकात वापरात होती, तिने काही पेशंटच्या पोटातलं आवरण जाड होऊन आतडी जखडली, डोळे कोरडे पडले, ती मागे घ्यावी लागली, तेव्हापासून या जातीतल्या बाकीच्या गोळ्यांवरही संशय आहे. पण बाकीच्यांबद्दल आहेत त्या बहुतेक एकेकट्या पेशंटच्या नोंदी. शिवाय हा आजार स्वतःच किडन्या दाबून बीपी वाढवतो, बाबांची गोळी दोन वर्षांपूर्वीच सुरू झालेली, मग आधी कोंबडी की आधी अंडं? बहुतेकांत कारण सापडतच नाही म्हणालात. इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं आमच्याशी.

गोळी तुम्ही हळूहळू कमी करून बदललीत, एकदम बंद केली तर हृदयावर ताण येतो म्हणून बजावलंत, नाहीतर मी त्याच रात्री कचऱ्यात टाकणार होते. त्या नळ्या उघड्या ठेवायला आत डीजे स्टेंट, म्हणजे बारीक नळ्या, बसले, स्टेरॉइड सुरू झालं (भूक इतकी लागायची की बाबा रात्री दोनला डबे उघडायचे!), पायाची सूज उतरली. परवा दुसरा स्टेंटही काढला, क्रिएटिनिन १.२ आहे. पुढच्या सीटीला मी पिशवी घेऊनच येणार आहे, तुम्ही मागायच्या आत. खूप खूप आभार मॅडम.