कामठीच्या शिलाईवाल्या काकांना

काका, नमस्कार.

छावणीच्या रस्त्यावर मशीन मांडून बसता, त्या तुम्हालाच हे पत्र, माझा गस्तीचा बेल्ट नीट करून दिलात म्हणून. तुमचा नातू वाचून दाखवेल, या भरवशावर लिहितेय.

मी पेंच व्याघ्र प्रकल्पातली वनरक्षक. गस्तीला निघताना कमरेला पाण्याची बाटली, टॉर्च, वॉकीटॉकी, पगमार्कची, म्हणजे वाघाच्या पावलाच्या ठशाची, मोजपट्टी, प्रथमोपचाराचं पाऊच आणि एम-स्ट्राइप्स हे गस्तीच्या नोंदींचं ॲप चालवायचा मोबाइल असतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की एवढंसं ओझंही जीव काढतं. त्यात पट्टा घसरणारा असेल तर विचारूच नका.

तुमच्याकडे येण्याआधी बेल्टसाठी नागपूरच्या मोठ्या दुकानांत जाऊन आले होते. एकाने 'लेडीजमध्ये येतच नाही' म्हणत हात झटकले. दुसऱ्याने सिनेमातल्या कमांडोसारखा काळा बेल्ट गळ्यात मारला. त्याचं सगळ्यात जाड पाऊच नेमकं पाठीच्या कण्यावर! कच्च्या रस्त्यावर गाडी आदळली की डोळ्यांपुढे काजवे. पावलाचा ठसा मोजायला उकिडवं बसावं, तर पुढचं पाऊच बरगडीत घुसायचं. बदलून मागितला, तर म्हणे, 'मॅडम, पोलीसवाले हाच नेतात.'

तुम्ही बेल्टला हात लावायच्या आधी विचारलंत, "दिवसभर काय काय करते तू, ते सांग." मग म्हणालात, "बस बरं खाली, ठसा पाहाले बसते तशी." मी बसले. तुम्ही पुढे होऊन चाचपाल, असं वाटून अंग चोरलं. माप घ्यायच्या निमित्ताने उगाच जवळ येणारे दुकानदार आम्हा बायकांना नवे नाहीत, वर्दीत असलो तरी ते चुकत नाहीत. तुम्ही मात्र शिंप्याचा खडू माझ्या हातात दिलात. "तूच खूण कर, पोरी. कुठी टोचते ते मले कसं कळन?" आणि स्टूल फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसलात, मी 'झालं' म्हणेपर्यंत.

काका, हे तुम्हाला कोणी शिकवलं नसेल. काही माणसांच्या अंगातच असतं. ती समोरच्याला अवघडू देत नाहीत आणि आपण काही विशेष केलं, हे त्यांच्या गावीही नसतं.

आता पाठ मोकळी आहे. वजन कमरेच्या दोन्ही बाजूंवर सारखं पडतं. आतला वेल्क्रोचा पट्टा आणि टिचबटणांच्या छोट्या पट्ट्या, यांमुळे बेल्ट जागचा हलत नाही. उजव्या हातात काठी असते, म्हणून टॉर्च डावीकडे. रक्त थांबवायची दाबपट्टी पुढे, कोणत्याही हाताला सापडेल अशी. (सर्पदंशाला ती आवळायची नसते, हे काही सहकाऱ्यांना अजून पटवतेय; तो विषय वेगळा.)

त्या दिवशी तुम्ही फक्त टिचबटणांचे पैसे घेतलेत. आमच्या बीटवरच्या दोघी त्यांचे बेल्ट घेऊन येणार आहेत. त्यांच्याकडून मजुरी घ्या, आणि माझी राहिलेली त्यांच्याचकडे देतेय, तीही ठेवून घ्या.

तुमची,
पेंचची वनरक्षक पोरगी