नव्या इमारतीच्या दाखल्यावर सही कोणी केली?

माननीय नगरविकास मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आमच्या भागातील नवे शासकीय कार्यालय सुरू होण्यापूर्वी प्रवेशद्वारावरचा रॅम्प दुरुस्त केला जाईल, असे लेखी उत्तर मला मिळाले होते. गेल्या आठवड्यात कार्यालय सुरू झाले आणि रॅम्प होता तसाच आहे. ४५ सेंटिमीटर चढायला १:१२ या उताराने (एक एकक चढायला बारा एकक लांबी) किमान ५.४ मीटर लांबी लागते. तिथे जेमतेम दीड मीटरमध्ये उतार ओतून वर गुळगुळीत ग्रॅनाइट बसवले आहे. चढताना व्हीलचेअरची पुढची चाके उचलली गेली, खुर्ची मागे कलंडली आणि अखेर दोन शिपायांनी रांगेतल्या सगळ्यांदेखत मला खुर्चीसकट उचलून आत नेले. स्वच्छतागृहाचे दार खुर्चीपेक्षा अरुंद. त्यामुळे तहान मारून बसणे आणि पुढे मूत्रमार्गाचा संसर्ग अंगावर काढणे हे आमच्या नशिबी नेहमीचेच.

महोदय, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे (दिव्यांगांना इमारत सहज वापरता येण्याचे) नियम न पाळणाऱ्या नकाशाला बांधकाम परवानगी देता येत नाही, पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही आणि इमारतीचा वापरही सुरू करता येत नाही. मग नकाशा काढणारे वास्तुविशारद, तो मंजूर करणारे अधिकारी आणि जागेवर पाहणी करणारे अभियंते यांच्यापैकी एकानेही या उताराला टेप का लावली नाही? सळईचा व्यास चुकला तर काम तोडायला लावणाऱ्या यंत्रणेला रॅम्पचा उतार मात्र शोभेची बाब वाटतो, आणि नकाशावर एका रेघेने सुटणारा प्रश्न काँक्रीट ओतल्यावर ‘निधी नाही’ या उत्तरापाशी येऊन थांबतो.

जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठीची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात याच कायद्याखालचा, सुगम्यतेचे निकष सांगणारा पण केवळ शिफारशीवजा असलेला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत तयार करण्यास सांगितले. २०११ च्या जनगणनेत आम्ही दिव्यांग २.६८ कोटी होतो, आणि कायदा पहिल्यांदा मोडणाऱ्याला दंड मात्र दहा हजार रुपयांपर्यंतच! इतक्या स्वस्तात आमचा हक्क डावलता येत असेल, तर अभियंत्याने नकाशा पुन्हा का काढावा?

या इमारतीचा दाखला कोणाच्या सहीने दिला गेला ते जाहीर करावे, रॅम्प व स्वच्छतागृह नियमानुसार होईपर्यंत तो स्थगित ठेवावा आणि यापुढे दाखल्यापूर्वीच्या प्रत्येक पाहणीत व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीचा समावेश करावा. उत्तरात कामाची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव असावे.

आपला,
व्हीलचेअर वापरणारा एक नागरिक